हवेलीत फ्लॅट घेतला, पण गळकं छप्पर कुणाचं? इंग्लंडमधल्या जुन्या वाड्यांचा आणि नव्या कायद्याचा वाद समजून घ्या

छतातून पाणी गळतंय आणि वरचा म्हणतोय 'माझा काय संबंध?' हे भांडण आपल्याकडच्या प्रत्येक सोसायटीने एकदा तरी पाहिलेलं असतं. इंग्लंडमध्ये असंच एक भांडण थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे त्या वेळच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं.

तर झालं असं. सॉमरसेट काउंटीत वॉलफर्ड हाउस नावाचं एक मोठं घर होतं. १९६० मध्ये मालकाने त्याचे दोन भाग केले. मोठा भाग स्वतःकडे ठेवला आणि कडेचा भाग 'कॉटेज' म्हणून विकला. कागदावर दोन घरं झाली, पण इमारत तर एकच. मोठ्या घराच्या छपराचा एक तुकडा कॉटेजच्या बेडरूमवर येत होता. म्हणून मालकाने विक्रीच्या वेळी लिहून दिलं की, छपराचा एवढा भाग आमच्याकडून नीट राखला जाईल, वारा-पाऊस आत येणार नाही. पुढे दोन्ही भागांचे मालक बदलले. छप्पर गळायला लागलं. कॉटेजवाले कोर्टात गेले आणि १९९४ मध्ये हरले.

न्यायमूर्ती लॉर्ड टेंपलमन यांच्या निकालाचा साधा अर्थ असा: मूळ मालकाने दिलेला शब्द त्याच्यापुरता. नवा मालक आला की 'अमुक करू नकोस' ही अट त्याला लागू राहू शकते, पण 'अमुक कर, त्यासाठी पैसे खर्च कर' ही अट त्याच्यावर लादता येत नाही. हा नियम १८८५ च्या एका जुन्या निकालापासून चालत आलाय, आणि तो बदलायचा असेल तर संसदेने बदलावा, असं कोर्टाचं म्हणणं पडलं.

एका बेडरूमवरच्या गळतीची ही गोष्ट किरकोळ वाटेल. पण इंग्लंडमध्ये आज फ्लॅटच्या मालकीवरून जो राजकीय गदारोळ चाललाय, ग्राउंड रेंटवर मर्यादा येतेय, नवे 'लीजहोल्ड' फ्लॅट बंद करायची भाषा चाललीये, त्याचं मूळ याच प्रश्नात आहे. आणि जुन्या हवेल्यांचे फ्लॅट केलेत, तिथे तो सगळ्यात जास्त बोचतो.

हवेल्यांचे फ्लॅट करायची वेळ का आली?

इंग्लंडमधले 'कंट्री हाउस' म्हणजे खेड्यातलं टुमदार घर नव्हे. शंभर-दीडशे खोल्या, भोवती शेकडो एकर जमीन आणि हाताखाली नोकरांची फौज. हे सगळं शेतजमिनीच्या खंडावर चालायचं. १९ व्या शतकाच्या शेवटी शेतमालाचे भाव पडले आणि १८९४ मध्ये सरकारने वारसा कर नव्याने बसवला. सुरुवातीला त्याचा वरचा दर ८ टक्के होता. १९१९ मध्ये तो ४० टक्के झाला आणि १९४९ मध्ये ८० टक्के. त्यात दोन महायुद्धं. घरातला कर्ता गेला की कर भरायचा, वारस युद्धात गेला की पुन्हा भरायचा.

मग अनेकांनी सोपा मार्ग निवडला. शिसं, लाकूड, संगमरवर विकायचं आणि उरलेली इमारत पाडायची. १९७४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये रॉय स्ट्राँग, मार्कस बिनी आणि जॉन हॅरिस यांनी याच विषयावर एक प्रदर्शन भरवलं. पाडल्या गेलेल्या हजाराहून जास्त हवेल्या त्यात दाखवल्या होत्या. लोक हादरले. पुढच्याच वर्षी बिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सेव्ह ब्रिटन्स हेरिटेज' ही संस्था काढली.

पण वाचवायचं म्हणजे नेमकं काय करायचं? प्रत्येक हवेलीचं म्युझियम होऊ शकत नाही. हॉटेलं तरी किती चालणार? उरला पर्याय, लोकांना राहायला देणं.

आधीचा नमुना: पिकाडिलीतलं ऑल्बनी

हा प्रयोग लंडनच्या मध्यावर खूप आधीच होऊन गेला होता. पिकाडिलीच्या गजबजलेल्या रस्त्यावरून थोडं आत ऑल्बनी नावाची इमारत आहे. १७७० च्या दशकात वास्तुरचनाकार विल्यम चेंबर्स यांनी ती लॉर्ड मेलबर्न यांच्यासाठी बांधली. पुढे ती राजा तिसरा जॉर्ज याच्या दुसऱ्या मुलाकडे, ड्यूक ऑफ यॉर्क अँड ऑल्बनीकडे आली. नाव तिथूनच पडलं. ड्यूकसाहेब कर्जात बुडालेले. १८०२ मध्ये घर अलेक्झांडर कॉपलंड नावाच्या बिल्डरकडे गेलं. म्हणजे कर्जबाजारी घराणं, मोक्याची जागा आणि बिल्डर, हा सिनेमा सव्वादोनशे वर्षं जुना आहे.

कॉपलंडने मात्र वाडा पाडला नाही. त्याने हेन्री हॉलंड या नामांकित वास्तुरचनाकाराला काम दिलं. हॉलंडने मूळ घर आतून विभागलं आणि मागच्या बागेत दोन लांब, समांतर इमारती उभ्या केल्या. दोन्हींच्या मधून एक छप्पर असलेली, दोन्ही बाजूंनी उघडी पायवाट काढली. तिला 'रोप वॉक' म्हणतात. एकूण ६९ घरं झाली. त्यांना फ्लॅट म्हणत नाहीत, ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या कॉलेजातल्यासारखं 'सेट' म्हणतात. सुरुवातीला ती फक्त एकट्या राहणाऱ्या पुरुषांसाठी होती. कवी बायरन तिथे राहिला, पुढे पंतप्रधान झालेले ग्लॅडस्टन राहिले.

आणि राहिला मॅकॉले! हो, तोच. १८३५ चं इंग्रजी शिक्षणाचं टिपण लिहिणारा, भारतीय दंड संहितेचा मसुदा करणारा. नोव्हेंबर २०२५ मध्ये पंतप्रधान मोदींनी 'मॅकॉलेची मानसिकता' दहा वर्षांत झटकून टाकायचं आवाहन केलं, तेव्हा सोशल मीडियावर त्याच्या नावाचा पूर आला होता. भारतातून परतल्यावर हा माणूस १८४१ पासून पंधरा वर्षं ऑल्बनीतल्या एका सेटमध्ये राहिला आणि इंग्लंडच्या इतिहासाचे त्याचे गाजलेले खंड त्याने तिथे राहत असतानाच लिहिले.

ऑल्बनीची वास्तू आज ग्रेड एक, म्हणजे सर्वोच्च संरक्षणाच्या यादीत आहे. ती टिकली यामागे हॉलंडच्या आराखड्याचा वाटा आहेच. पण माझ्या मते तितकाच वाटा दुसऱ्या एका गोष्टीचा आहे. अगदी सुरुवातीलाच तिथे विश्वस्त मंडळ नेमलं गेलं. रोप वॉकचं छप्पर, दिवे, पहारेकरी, सामाईक जागा, हे कुणी बघायचं याचं उत्तर पहिल्या दिवसापासून तयार होतं.

वाडा कापायचा तर कसा?

आता जरा इमारतीच्या आत जाऊ. हवेली एका कुटुंबासाठी बांधलेली असते. दर्शनी खोल्या एकापुढे एक, दारं एका रेषेत, म्हणजे सगळी उघडली की या टोकाहून त्या टोकापर्यंत नजर जाते. मधोमध भव्य जिना. नोकरांसाठी मागे वेगळा अरुंद जिना, तळघरात स्वयंपाकघर, माळ्यावर झोपायच्या खोल्या. यात दहा कुटुंबं बसवायची म्हणजे दहा किचन, पंधरा बाथरूम, पाण्याचे आणि सांडपाण्याचे पाइप, आगीपासून वाचवणारी दारं, भिंती. पाइप नेणार कुठून? भिंतीवर दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचं प्लास्टरचं नक्षीकाम आहे, आणि संरक्षित इमारतीत परवानगीशिवाय बदल करणं हा तिथे फौजदारी गुन्हा आहे.

सगळ्यात वाईट उपाय म्हणजे मोठ्या दालनात मध्येच पार्टिशन टाकणं. असं केलं की छतावरचं गोल नक्षीचं फूल अर्धं तुमच्या बेडरूममध्ये आणि अर्धं शेजाऱ्याच्या हॉलमध्ये जातं. खिडकी अर्धी कापली जाते. उंच दालनात मध्ये नवा मजला टाकला तर तो मजला बाहेरून खिडकीतून आडवा दिसतो. इमारत उभी राहते, पण वास्तू उरत नाही.

दुसरा उपाय आडवी विभागणी, म्हणजे प्रत्येक मजल्याचा एक फ्लॅट. यात तळमजल्यावाल्याला सगळी शाही दालनं मिळतात, वरच्यांना कमी उंचीच्या खोल्या. लाकडी जमिनीतून पावलांचा आवाज खाली जातो, तो थांबवायला जमिनी उघडाव्या लागतात. मुख्य जिना सामाईक झाला की त्याला आगीच्या नियमांसाठी दारं आणि काचा लावाव्या लागतात. मग त्या जिन्याची शान जाते.

१९७० च्या दशकापासून किट मार्टिन या वास्तुरचनाकाराने यावर वेगळा तोडगा काढला. हवेली उभी कापायची. केक कापतो तशी, जमिनीपासून छपरापर्यंत. प्रत्येकाला स्वतःचं दार, स्वतःचा जिना, थोडी तळघराची जागा, एखादं भव्य दालन आणि वर माळ्याच्या खोल्या. मुख्य दालनं कापायची नाहीत, कुणाला तरी ती अखंड द्यायची. जुन्या जाड भिंती असतात तिथेच दोन घरांमधली सीमा आखायची. आणि बाहेरची बाग, झाडी, रस्ता यांचे तुकडे अजिबात करायचे नाहीत, नाहीतर प्रत्येक जण आपलं कुंपण घालतो आणि समोरून पाहिलं की हवेलीऐवजी चाळ दिसते.

नॉर्फकमधलं गंटन हॉल हे त्यांचं गाजलेलं काम. दुसरं रटलंडमधलं बर्ली-ऑन-द-हिल. १६९० च्या दशकात बांधलेली ही हवेली. १९०८ मध्ये तिथे आग लागली तेव्हा पाहुण्यांमध्ये विन्स्टन चर्चिल होते. पुढे पॉली पेक कंपनीचे असिल नादिर यांनी हॉटेल करण्यासाठी ती घेतली, पण १९९० मध्ये कंपनीच कोसळली आणि हॉटेल बारगळलं. शेवटी मार्टिन यांनी १९९० च्या दशकात मुख्य इमारत आणि बाजूच्या इमारतींमध्ये घरं केली. आज लांबून पाहिलं तर तिथे अनेक कुटुंबं राहतात हे ओळखू येत नाही. यशाची कसोटी तीच.

गोवळकोंड्याचा हिरा आणि बर्कशायरची हवेली

पण विभागणी चांगली झाली म्हणजे घर सुरक्षित झालं असं नाही. बर्कशायरमधल्या स्वॉलोफील्ड पार्कचं उदाहरण घ्या. विल्यम टॅलमन यांनी १६९० च्या सुमारास बांधलेली ही हवेली १७१९ मध्ये थॉमस पिट यांनी घेतली. हे मद्रासचे माजी गव्हर्नर. गोवळकोंडा राज्यातल्या खाणीतून निघालेला एक प्रचंड हिरा त्यांनी भारतात विकत घेतला होता आणि फ्रान्सच्या रीजंटला विकला होता. तो आज 'रीजंट हिरा' म्हणून पॅरिसच्या लूव्ह्रमध्ये आहे. १८२० मध्ये हवेली सर हेन्री रसेल यांच्याकडे गेली, ते बंगालचे माजी सरन्यायाधीश. त्यांचा मुलगा हैदराबादला कंपनीचा रेसिडेंट होता. म्हणजे या घरात दोनदा हिंदुस्थानातल्या नोकरीचा पैसा आला.

२० व्या शतकात मात्र ती एका संस्थेकडे गेली. १९५० च्या दशकात स्थापन झालेली ही संस्था हवेल्या घ्यायची, त्यात निवृत्त लोकांसाठी फ्लॅट करायची, लोक मोठी रक्कम भरून राहायला यायचे आणि काही भाग पर्यटकांना बघायला खुला असायचा. कल्पना सुंदर होती. केंटमधलं ग्रेट मेथम हॉलही त्यांच्याकडे होतं. त्याचे वास्तुरचनाकार एडविन लट्यन्स, म्हणजे नवी दिल्लीचं राष्ट्रपती भवन बांधणारेच. पण म्हाताऱ्या इमारतींचा खर्च वाढत गेला, नवे रहिवासी कमी झाले आणि २००० च्या दशकाच्या सुरुवातीला संस्थाच बुडाली. आयुष्यभराची पुंजी गुंतवून आलेल्या वृद्धांना पुन्हा घर शोधायची पाळी आली. इमारती इतरांनी विकत घेतल्या आणि फ्लॅट नव्याने विकले. भिंती वाचल्या. आतली माणसं बदलली.

मग 'लीजहोल्ड' म्हणजे नेमकं काय?

पुन्हा वॉलफर्ड हाउसच्या छपराकडे येऊ. नव्या मालकावर खर्चाची अट लादता येत नसेल, तर दहा मजल्यांची इमारत चालणार कशी? उद्या वरच्याने फ्लॅट विकला आणि नवा म्हणाला छपराचे पैसे देत नाही, तर?

इंग्रजी कायद्याने यातून पळवाट काढली. फ्लॅट विकायचाच नाही! ९९, १२५ किंवा ९९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्यायचा. भाडेकरूवर खर्चाची अट घालता येते आणि ती पुढच्या प्रत्येक भाडेकरूला लागू राहते. म्हणून इंग्लंडमधले जवळपास सगळे फ्लॅट लीजहोल्ड असतात. लोक लाखो पाउंड मोजतात, गृहकर्ज काढतात, पण कायद्याच्या नजरेत ते लांब मुदतीचे भाडेकरू. जमीन आणि इमारत 'फ्रीहोल्डर'ची. तो दुरुस्ती करतो, खर्च सर्व्हिस चार्जमधून वसूल करतो आणि वर ग्राउंड रेंट घेतो. इंग्लंडमध्ये अशी सुमारे ५० लाख घरं आहेत.

सोय म्हणून आलेली पद्धत पुढे कमाईचं साधन झाली. काही लीजमध्ये ग्राउंड रेंट दर दहा वर्षांनी दुप्पट व्हायचं कलम होतं. वर्षाला २५० पाउंडपासून सुरू झालेलं भाडं पन्नास वर्षांत ८,००० पाउंड होतं. त्याबदल्यात मिळतं काय? काहीच नाही. दुरुस्तीचे पैसे तर वेगळे घेतलेलेच असतात.

आपल्या मुंबई-पुण्याच्या वाचकाला पर्याय समजावून सांगायला फार कष्ट नाहीत. आपल्याकडे फ्लॅटधारकांची सोसायटी होते आणि कन्व्हेयन्स झालं की जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर येते. बिल्डर टाळाटाळ करतो म्हणून डीम्ड कन्व्हेयन्सची तरतूद आणावी लागली, हा भाग वेगळा. पण गच्ची गळली तर काम सोसायटीचं, आणि मेंटेनन्स नव्या सभासदालाही चुकत नाही. इंग्लंडमध्ये याच्या जवळ जाणारी पद्धत म्हणजे 'कॉमनहोल्ड'. तिचा कायदा २००२ मध्येच झाला, २००४ पासून लागू आहे. तरी वीस वर्षांत अशा जेमतेम वीसेक इमारती झाल्या. बिल्डरला आणि फ्रीहोल्डरला त्यात काही मिळत नाही, बँकांनाही सवय नाही. जुनी इमारत कॉमनहोल्डमध्ये आणायची तर सगळ्यांची संमती हवी, आणि 'सगळे' कधी एकत्र येतात हे सोसायटीच्या मीटिंगला गेलेल्याला सांगायला नको.

आता काय बदलतंय?

२०२२ च्या कायद्याने बहुतेक नव्या लीजवरचं ग्राउंड रेंट बंद झालं. मे २०२४ मध्ये आणखी एक कायदा झाला: लीज ९९० वर्षांपर्यंत वाढवता यावी, ती स्वस्तात व्हावी. बड्या जमीनदार कंपन्या आणि इस्टेटी याविरुद्ध कोर्टात गेल्या आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये हायकोर्टात हरल्या. या कायद्याचे काही भाग २०२५ मध्ये लागू झाले, महत्त्वाचे बरेच बाकी आहेत. जानेवारी २०२६ मध्ये सरकारने मसुदा विधेयक आणलं: जुन्या लीजवरचं ग्राउंड रेंट वर्षाला २५० पाउंडपुरतं मर्यादित करायचं, पुढे ४० वर्षांनी ते नाममात्र करायचं, नव्या फ्लॅटसाठी लीजहोल्ड बंद करून कॉमनहोल्ड आणायचं आणि जुन्या इमारतींना तिकडे जाणं सोपं करायचं.

ग्राउंड रेंटला लगाम हवाच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण हवेलीतल्या फ्लॅटधारकाचं दुखणं बहुतेक वेळा ग्राउंड रेंट नसतं. छप्पर असतं.

साधं गणित करू. समजा एका जुन्या हवेलीत बारा फ्लॅट आहेत आणि शिशाच्या पत्र्याचं छप्पर बदलायला सहा लाख पाउंड लागणार आहेत. प्रत्येकी पन्नास हजार. त्यावर २० टक्के व्हॅट, म्हणजे साठ हजार. स्वस्तातले पत्रे चालणार नाहीत, कारण इमारत संरक्षित आहे. गंमत म्हणजे नवं घर बांधायला तिथे व्हॅट शून्य आहे. संरक्षित इमारतींमधल्या मंजूर बदलांनाही पूर्वी शून्य होता, ती सवलत २०१२ मध्ये काढली. जुन्या घराचे फ्लॅट करताना घरांची संख्या बदलते म्हणून ५ टक्क्यांचा सवलतीचा दर मिळू शकतो. म्हणजे कापायला सवलत आहे, पुढे जपायला नाही.

फ्रीहोल्डर असताना निदान शिव्या घालायला एक माणूस असतो. कॉमनहोल्ड आलं की ते बारा जणच मालक. त्यातला एक निवृत्त, एक नुकतंच कर्ज काढून आलेलं जोडपं, एक परदेशात राहणारा गुंतवणूकदार. मत देऊन साठ हजारांचा खर्च मंजूर करायचा. नव्या पद्धतीत राखीव निधी बंधनकारक करण्याचा सरकारचा विचार आहे, आणि मला वाटतं सगळ्या सुधारणांमध्ये जुन्या वास्तूंसाठी सर्वांत कामाची गोष्ट हीच आहे. तिची चर्चा मात्र सगळ्यात कमी होते, कारण '२५० पाउंडची मर्यादा' ही हेडलाइन होते, 'सिंकिंग फंड' होत नाही.

आणि वॉलफर्ड हाउस? त्याचे दोन्ही भाग फ्रीहोल्ड होते, त्यामुळे लीजहोल्ड गेलं काय, राहिलं काय, त्याला फरक पडत नाही. अशी घरं उभी भिंत घालून विकली जातात तेव्हा खर्चाची अट पुढच्या मालकाला लागू व्हावी, अशी शिफारस लॉ कमिशनने २०११ मध्येच केली होती. ती कायद्यात उतरलेली नाही. त्यामुळे आजही कुणी जुन्या हवेलीचा एक कोपरा कापून विकला, तर छपराबाबत लागू होणारा नियम १८८५ चाच आहे.